सगळेच हुशार असतात तिथे आपण सामान्य वाटतो, त्याचं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की परदेशात येऊन दोन वर्षं झाली, बरोबरचे सगळे तुमच्यापेक्षा हुशार आहेत आणि आपण अगदीच सामान्य आहोत हे रोज जाणवतं. मी अकरा वर्षांपूर्वी संशोधनासाठी देश सोडला. पहिली तीन वर्षं हाच प्रश्न उशाशी असायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"तुम्ही सामान्य नाहीच" असं मी म्हणणार नाही. मला तेव्हा लोक असंच समजवायचे आणि त्याने काडीचाही फरक पडत नसे. आमच्या गटात नऊ जण होते आणि त्यांतले चार-पाच खरोखरच माझ्यापेक्षा सरस होते. शेराला सव्वाशेर कुठेही भेटतो. पण चाळणीतून निवडून आलेल्यांच्या गटात सव्वाशेरच भरलेले असतात. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये शाळकरी मुलांबद्दल नेमकं हेच मांडलं: कुवत सारखीच असली तरी हुशार मुलांनी भरलेल्या शाळेतलं मूल स्वतःला कमी लेखतं. 'छोट्या तळ्यातला मोठा मासा' हे त्या परिणामाचं नाव. मला हे कळलं तेव्हा हायसं वाटलं, कारण माझी अक्कल विमानात कुठे सांडली नव्हती, तळं बदललं होतं.

तुम्हाला कोणीतरी 'इम्पोस्टर सिंड्रोम' हा शब्द ऐकवला असेलच. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये यशस्वी स्त्रियांबद्दल लिहिताना 'इम्पोस्टर फिनॉमेनन' असा शब्द वापरला होता. कर्तबगारीचे पुरावे समोर असूनही 'मी सगळ्यांना फसवतेय' असं वाटणं, हा त्याचा अर्थ. तुमचा प्रश्न मला वेगळा वाटतो. तुम्हाला आपण लबाड वाटत नाही, आपण मधले आहोत असं वाटतं. आणि मधलं असणं हा काही आजार नाही, त्यामुळे त्यावर उपचार शोधत बसू नका.

आता भाषेबद्दल, कारण याकडे माझं फार उशिरा लक्ष गेलं. आमच्या बैठकांत मी गप्प असायचो. एकदा मी महिनाभर वहीत लिहून ठेवलं की बैठकीत मला काय सुचलं आणि मी काय बोललो. नंतर वाचलं तर सुचलेल्यापैकी बऱ्याच गोष्टी दोन-तीन मिनिटांनी दुसऱ्या कोणीतरी बोलून दाखवल्या होत्या. मी मनात वाक्य जुळवत असायचो, क्रियापद तपासत असायचो, तेवढ्यात विषय पुढे गेलेला असायचा. मला सुचत नव्हतं असं नाही, वेळेत बोलता येत नव्हतं. या दोन गोष्टींमधला फरक ना माझ्या वरिष्ठांना दिसत होता, ना मला. मग मी बैठकीच्या आदल्या दिवशी माझे मुद्दे पाच-सात ओळींत लिहून पाठवायला लागलो. चार महिन्यांत लोक बैठकीत माझ्याकडे वळून विचारू लागले. तुम्ही परक्या भाषेत काम करत असाल तर ती वही एकदा करून बघाच.

घराचंही तसंच. ज्यांच्याशी तुम्ही स्वतःला तोलताय, त्यांतले बरेच जण त्यांच्या स्वतःच्याच देशात असतील. त्यांना व्हिसाची मुदत मोजावी लागत नाही, घर भाड्याने घेताना जामीन कुठून आणायचा हे शोधावं लागत नाही, आई आजारी पडली तर तिकीट बघत रात्र काढावी लागत नाही. तुमचे तास आणि तुमची झोप यांत जाते, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. मी हे सबब म्हणून सांगत नाही. हिशेब करायचाच तर तो पुरता करावा, एवढंच.

पण मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर माझ्याकडे उरलेल्या एकाच आरशाने. मायदेशी मी कोणाचा भाऊ होतो, कोणाचा शेजारी होतो, कोणासाठी अडचणीला धावून येणारा माणूस होतो. इथे मला ओळखणारे फक्त ते आठजण होते आणि ते मला फक्त कामावरून ओळखत. मग कामात मधला ठरलो की माणूस म्हणूनच मधला ठरल्यासारखं वाटायचं. चौथ्या वर्षी मी शनिवारी एका वाचनालयात प्रौढांना गणित शिकवायला जाऊ लागलो. तिथे एक बाई होत्या, साठीच्या. त्यांना अपूर्णांकांची बेरीज जमत नसे. सहा आठवडे आम्ही तेवढंच करत होतो. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी त्यांनी तोच कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आमच्या गटातल्या सर्वांत हुशार माणसाला हे माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं का, हा विचार त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात आलाच नाही, हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

त्या हुशारांपैकी एकीशी पुढे माझी घट्ट मैत्री झाली. ती मुद्दा क्षणात पकडते, मी तो शेवटपर्यंत लावून धरतो. आम्ही दोघांनी मिळून तीन शोधनिबंध लिहिले आणि तिन्हींत तिचं नाव पहिलं आहे. ते योग्यच आहे, आणि त्या निबंधांतले माझे भाग मी आजही अभिमानाने वाचतो.