उन्हाळ्यात बागेला रोज किती पाणी घालावं, आणि झाडं कोणती लावावीत?

तुमच्या प्रश्नातला 'रोज' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. हवा कोरडी, ऊन मरणाचं, पाणी मोजकं, हे सगळं मान्य. पण रोज कशाला?

या एका शब्दावरून आम्हा दोघा भावांत ९ वर्षं वाद चालू आहे. संध्याकाळी पाईप हातात घ्यायचा, अंगठ्याने तोंड दाबून फवारा उडवायचा, माती काळी झाली आणि वास सुटला की झाडं निवली, अशी दादाची पद्धत. निवतो तो स्वतः. झाडाला काय मिळालं ते कोणी बघत नाही.

एका उन्हाळ्यात मला ३ आठवडे बाहेर राहावं लागलं. बाग दादाच्या हवाली. लिंबाला ८ दिवसांनी एकदा, आळं भरून, पाणी जिरलं की पुन्हा एकदा भरून. बोगनवेलीकडे बघायचंसुद्धा नाही, असं कागदावर लिहून ठेवलं होतं. परत आलो तर लिंबाची पानं वळलेली, सुपारीएवढी फळं आळ्यात गळून पडलेली. बोगनवेल मात्र हिरवीगार, आणि फूल एकही नाही. (तिला ताण बसल्याशिवाय ती फुलत नाही, लाड केले की नुसता पाला.) दादा म्हणाला, "रोज घालूनसुद्धा पुरलं नाही बघ. तुझ्या आठवड्याने तर मेलंच असतं."

मी लोखंडी सळई आणली आणि आळ्यात खुपसली. चार बोटं आत गेली आणि अडकली. ओल्या मातीत सळई सहज उतरते, कोरडी लागली की थांबते. यापेक्षा स्वस्त यंत्र नाही. मग कुदळीने उकरून दाखवलं: वर चिखल, खाली राख. वरवरचीच ओल मिळत राहिली तर मुळं खाली कशाला जातील? ती वरच पसरतात आणि दुपारी तिथेच भाजतात. दादाने खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "उन्हाळाच यंदा वाईट आहे."

हिशोब साधा आहे. १ चौरस मीटरवर १ लिटर ओतलं की १ मिलिमीटर पाणी होतं. १० लिटरची झारी १० चौरस मीटरवर फिरवली तरी तेवढंच. कडक कोरड्या दिवशी याच्या पाच-सहा पट पाणी हवेत उडून जातं. म्हणजे रोजची झारी हवेला पाजायची.

तेव्हा दिवस मोजू नका, माती बघा. वीतभर खाली वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) असेल तर पाईपला हात लावायचा नाही. रेताड जमीन लवकर मागेल, चिकण उशिरा. पाणी पहाटे, आळं भरून. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी सावरलं तर त्याला तहान नाही, ऊन लागलंय. आणि आळ्यात पालापाचोळ्याचा ३-४ बोटं जाड थर हवाच.

थर म्हटलं की दादाची खडी आठवते. लिंबानंतर त्याने अर्ध्या बागेत खडी पसरली आणि मला ऐकवलं, "याला झेरिस्केप म्हणतात." कमी पाण्यातल्या बागेसाठी हा शब्द १९८१ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पाणीपुरवठा खात्याने काढला, आणि त्यात भर आहे तो हिरवळ कमी करण्यावर, सारखं पाणी लागणारी झाडं एकत्र लावण्यावर आणि आच्छादनावर. नुसती खडी दुपारी तापते आणि रात्रीपर्यंत शेजारच्या झाडांना शेकत राहते.

आता माझंही सांगतो, नाहीतर तो सांगेल. पुढच्या वर्षी मी उत्साहाने पालापाचोळा लिंबाच्या थेट बुंध्यापर्यंत रचला. ओल धरून राहिली, साल कुजली, डिंक ओघळायला लागला. झाड वाचलं, पण एक फांदी गेली. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा.

हो, आणि हे सगळं जमिनीतल्या, मुळं धरलेल्या झाडांबद्दल. कुंड्यांना उन्हाळ्यात रोज पाणी लागू शकतं, पहिल्या वर्षातल्या रोपांनाही लवकर लवकर लागतं. हे दादाला कळवू नका.

झाडं कोणती, हे विचारलंत: कण्हेर, डाळिंब, कोरफड, बोगनवेल. हिरवळ हवीच असेल तर मी तुमच्या कामाचा नाही.

ठिबक जरूर बसवा, पण सावकाश आणि बराच वेळ चालवा. दादाने मागच्या वर्षी बसवलं. ताशी २ लिटरच्या तोट्या आहेत. रोज संध्याकाळी १० मिनिटं चालवतो.