दहा दिवस घरी बसवलंय, आता वर्ष वाया जाणार का?

हा प्रश्न दर वर्षी दिवाळीच्या आधी नाहीतर नंतर कुणीतरी विचारतंच. या वेळी एक आई आली होती, सोबत नववीतला मुलगा (नाव-गाव लिहीत नाही). मधल्या सुट्टीत मारामारी झाली, समोरच्याचा चष्मा फुटला, शाळेने दहा दिवस सस्पेंड केलं. आई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, मॅडम याचे बाबा म्हणतायत की आता १७ नंबरचा फॉर्म भरून टाकू, तोवर गॅरेजवर बसू दे.

आधी तेच बाजूला केलं. १७ नंबरचा फॉर्म हा दहावीला बाहेरून बसण्यासाठी असतो, दहा दिवसांच्या शिक्षेवरचा उपाय नाही तो. आणि दहा दिवसांनी वर्ष जात नाही. हां, मूल आठवीपर्यंत असेल तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या कलम १६ प्रमाणे शाळा त्याला काढून टाकूच शकत नाही, पण नववीला ते कवच नाही, म्हणून शाळेशी भांडत बसण्यापेक्षा सस्पेंशन किती तारखेपर्यंत आणि त्यात चाचणी येते का हे लेखी मागा असं सांगितलं. पालक नेमकं हेच विचारत नाहीत, लाजेनं मान खाली घालून घरी येतात.

मग मुलाला विचारलं, दप्तर कुठंय? गप्प. आईच म्हणाली, दाराच्या मागं टाकलंय, त्या दिवसापासून हात लावला नाही. म्हणजे चार दिवसांचा डबा आत! म्हटलं आज अभ्यास नको, घरी जाऊन फक्त डबा घास. तो पहिल्यांदा हसला, म्हणाला भेंडी होती त्यात.

खरं सांगू, अशा मुलाला अभ्यास जड नसतो, ते दप्तर उघडणं जड असतं. त्यात घरी मोबाईल काढून घेतला, खेळणं बंद, आत्यासमोर पुन्हा पाणउतारा, म्हणजे एका चुकीची शिक्षा तीन ठिकाणी. मोबाईल मीच परत द्यायला लावला, कारण बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात आणि पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवर स्कॅन केला की धड्याचे व्हिडिओ येतात. पण व्हिडिओनं शाळा चालू राहत नाही हो, वर्गात आज काय झालं हे कळायला माणूस लागतो. शेजारच्या बिल्डिंगमधल्या वर्गमैत्रिणीनं रोज संध्याकाळी वह्यांचे फोटो पाठवायचे ठरलं आणि आईनं वर्गशिक्षिकेला फोन केला. बाई आधी तुटकच बोलल्या, दोन दिवसांनी मात्र स्वतःच गृहपाठ पाठवला.

वेळ शाळेचीच ठेवली, सकाळी दोन तास, जेवणानंतर एक, बस. सहा तास कोण बसतंय.

गॅरेजचं मात्र मी नाही म्हटलं नाही, फक्त संध्याकाळी तासभर आणि शिक्षा म्हणून नाही. बाबा गाड्यांना रंग मारतात. वर्गात तेव्हा गुणोत्तर-प्रमाण चालू होतं, आणि बाबा रंगात हार्डनर (रंग कडक वाळवणारं द्रव) चारास एक टाकतात. तर साडेतीनशे मिली रंगाला किती, हे पोरानं डब्याच्या झाकणावर खडूनं करून दाखवलं, साडेसत्त्याऐंशी. बाबा म्हणे मी तर अंदाजानंच ओततो. त्या दिवसापासून बाबांच्या तोंडून १७ नंबर निघाला नाही.

चष्म्याचे निम्मे पैसे मुलानं साठवलेल्यातून दिले आणि स्वतः त्या मुलाच्या घरी जाऊन आला. हे मी सांगितलं नव्हतं.

अकराव्या दिवशी तो शाळेत गेला. पुढच्या घटक चाचणीत गणितात २० पैकी १३, इंग्रजीत ६. इंग्रजीचं त्या दहा दिवसांत काहीच झालं नव्हतं, घरात कुणाला येत नाही आणि वहीच्या फोटोवरून ते कळत नाही. त्यासाठी आता चाळीतल्या एका बारावीच्या ताईला विचारलंय, ती रविवारी येते म्हणालीय.