पहिलंच रेझिन किट आहे, चॅसी वाकडी निघाली. आधी केबिन रंगवून घेऊ का?

नाही. केबिनला आत्ता हातही लावू नका.

तुम्ही लिहिलंय की 1/25 स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याचं, पीटरबिल्ट 359 या अमेरिकन ट्रकच्या मॉडेलचं रेझिन किट आणलं, डबा उघडला तर चॅसीच्या दोन्ही लाँग मेंबरना, म्हणजे लांबीच्या मुख्य दांड्यांना, बाक आलेला, केबिनवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. म्हणून आधी केबिन चकाचक करून घेतो, हुरूप येईल, ‘चॅसी काय, खाली झाकलीच जाते’. या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलोय. हेच वाक्य याच शब्दांत नऊ वर्षांपूर्वी आमच्या घरात बोललं गेलं आणि त्यावरून आम्हा दोघा भावांची अजून बोलाचाली होते.

मी बेळगावचा. उद्यमबागेत पॅटर्न शॉपला आहे, म्हणजे फाउंड्रीत जे ओततात त्याचे लाकडी नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न बनवतो. त्यामुळे रेझिनचं किट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा परकं वाटलं नाही. प्लास्टिकचं किट पोलादी डायमध्ये दाबाने भरतात, हजारो नग एकसारखे निघतात. रेझिनचं किट म्हणजे सरळ ओतकाम. एक मूळ नमुना, त्याच्यावर सिलिकॉन रबराचा साचा, आणि त्यात दोन भाग कालवून ओतलेलं पॉलियुरेथेन. रबराचा साचा काही डझन नगांत थकतो, मग कडा फाटतात आणि बारीक रिव्हेट बुजत जातात. तुमची टाचणीएवढी भोकं म्हणजे आमच्याकडचे ब्लो होल, हवा बाहेर पडली नाही की होणारच. भागांना लटकलेले जाड ठोकळे म्हणजे रनर-रायझर, रस आत जायच्या आणि वर यायच्या वाटा. आणि बाक येतो तो नग पुरता कडक व्हायच्या आत साच्यातून ओढला की, नाहीतर जाड आणि बारीक भाग वेगवेगळे आकसले की. बिडाला आम्ही मीटरमागे 10 मिलीमीटरच्या आसपास आकुंचन धरतो. रेझिनही आकसतं. तेव्हा डावा आणि उजवा लाँग मेंबर एकाच मापाचे आहेत असं धरून चालू नका, व्हर्निअर लावून बघा.

आता बाकाचं. आधी सगळे भाग भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा, कारण साच्यातून सुटायला लावलेलं तेलकट औषध अंगावर असतं आणि त्याच्यावर रंग धरत नाही. मग वाकलेला भाग गरम पाण्यात सोडा. उकळतं नको, हात घालवणार नाही इतपत, 70 अंशांच्या आसपास. मिनिटभरात मऊ पडतो, पुष्कळदा आपणहून सरळ व्हायला लागतो. काढायचा, जाड काचेवर ठेवून दुसऱ्या काचेने दाबायचा आणि तसाच गार पाण्याखाली धरायचा. हीटगन वापरू नका, बारीक भाग बघता बघता लोळागोळा होतो.

हे झालं तुमच्यापुरतं. आता आमचं सांगतो.

आमचे आप्पा ड्रायव्हर होते. सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून चढले ते नाकवाल्या टाटा-मर्सिडीजवर. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि जर्मन कंपनीचा करार 1954 ते 1969 चालला, त्या काळातली ती गाडी. पुढे सगळी उमर टाटा 1210 वर गेली. निपाणीची तंबाखू, बेळगावचं ओतकाम, पुण्याला नाहीतर मुंबईला. तेव्हाचा एनएच 4, आताचा 48. शेवटची चार वर्षं ट्रेलर चालवला. गुडघे गेले तसे घरी बसले. मी एक लांब नाकाचा अमेरिकन ट्रक रेझिनमध्ये मागवला तो त्यांच्यासाठीच, नाकवाली गाडी आहे म्हणून. आप्पांनी डब्यावरचं चित्र बघून पहिलं विचारलं, ‘‘एवढं लांब नाक ह्यांना परवडतंय कसं?’’ मी वाचलेलं सांगितलं. युरोपात घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर मिळून सगळ्या गाडीची लांबी मोजतात, म्हणून त्यांची तोंडं चपटी. अमेरिकेत 1982 च्या कायद्यापासून मोठ्या हायवेंवर ट्रेलरची लांबी मोजायला लागले, घोडा कितीही लांब असो, म्हणून नाकवाल्या टिकल्या आणि चपट्या मागं पडल्या. आप्पांना हे फार आवडलं. येईल त्याला सांगायचे.

दादाचं संकेश्वरला हायवेलगत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. रंगकामात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात मी बघितला नाही, हे मनापासून सांगतोय. आमचं ठरलं, चॅसी मी करायची, केबिन तो रंगवणार आणि खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत गाडी ठेवायची. दिवस उरले होते अकरा. माझ्या चॅसीला पीळ होता. डाव्या लाँग मेंबरचं पुढचं टोक वर गेलेलं. मी म्हटलं, पूजा राहू दे, मी हे काढून नव्याने करतो. दादा म्हणाला, ‘‘चॅसी काय, खाली झाकलीच जाते. पुट्टी लाव आणि दे इकडं.’’ मी लावली पुट्टी. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बैठकीत डावीकडे पुट्टी भरून अ‍ॅक्सल ओढूनताणून बसवला आणि फेविक्विकने धरला. वरून केबिन आली. दादाने असा लाल दिला होता की त्यात आमच्या सोप्यातली ट्यूबलाइट या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेघेत दिसायची, कुठे तुटली नाही, कुठे हलली नाही.

खंडेनवमीला पाटावर काच टाकून त्यावर गाडी ठेवली. सगळे केबिनकडे बघत होते. आप्पा खाली बसले, मग आडवे झाले, गाल फरशीला लावला आणि एक डोळा मिटून चाकांच्या पातळीतून बघत राहिले. बराच वेळ. मग वहिनीला म्हणाले, ‘‘लग्नाची पत्रिका असली तर आण गं एक.’’ ते जाड कार्ड त्यांनी पुढच्या डाव्या चाकाखाली सरकवलं. गेलं आत, अडकलं नाही कुठे. उजव्या चाकाखाली जाईना.

मी नंतर मापलं. कार्ड 0.3 मिलीमीटर. पंचवीस पट केलं तर साडेसात मिलीमीटर. रिकाम्या गाडीचं पुढचं चाक साडेसात मिलीमीटर हवेत.

आप्पा म्हणाले, ‘‘हिच्यात माल भरून तवंदी घाटात घाल. पुढचा टायर खाती का न्हाई बघ.’’ दादा म्हणाला, ‘‘आप्पा, शोकेसमधली गाडी हाय ती. कोण माल भरतंय?’’ आप्पांनी आवाज चढवला नाही. ‘‘मग गाडी म्हणू नका तिला,’’ एवढंच बोलले, आणि हळदकुंकू लावून हात जोडले.

दसरा झाला त्या रात्रीच मी अ‍ॅक्सल कापले. बारीक दातांची करवत चालवताना केबिनच्या दाराखाली मोहरीएवढा टवका उडाला, खालचा राखाडी प्रायमर दिसायला लागला. दादाचा राग त्या टवक्याचा आहे. त्याचं म्हणणं, कुणाला दिसतही नव्हतं त्याच्यासाठी तू माझं काम खराब केलंस. माझं म्हणणं, आप्पांना दिसलं होतं.

चॅसी सरळ व्हायला गुढीपाडवा उजाडला. तुम्हाला कामाचं आहे ते इथे आहे, नीट वाचा. गरम पाण्याने सरळ केलेले लाँग मेंबर महिन्याभरात पुन्हा वाकले. ओतीव केबिन जाड भिंतींची आणि ओतीव इंजिन भरीव, दोन्ही वजनाला जड, आणि रेझिन भाराखाली हळूहळू लवतं, उन्हाळ्यात तर जास्तच. म्हणून नुसतं सरळ करून भागत नाही, आत कणा घालावा लागतो. खऱ्या ट्रकचा लाँग मेंबर उंचीला 10 इंचांच्या आसपास, म्हणजे 1/25 मध्ये साधारण 10 मिलीमीटर. त्याच्या पन्हळीत आतून पितळेची एक मिलीमीटर जाड पट्टी अ‍ॅराल्डाइटने चिकटवली, झटपट सुकणारं नव्हे, रात्रभर घेणारं. आणि सुकेपर्यंत शॉपमधल्या सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाट्यावर, क्लॅम्प करून ठेवलं. तुमच्याकडे जाड काचेचा तुकडा असला तरी चालेल. क्रॉस मेंबर, म्हणजे दोन्ही लाँग मेंबरना जोडणारे आडवे दांडे, बसवताना दोन्ही कर्ण मोजायचे. गॅरेजवाले खऱ्या चॅसीवर दोरी धरून मोजतात तसंच. कर्ण सारखे येईपर्यंत डिंकाला हात नाही. अ‍ॅक्सलच्या टोकांना आणि पाट्यांच्या बैठकीला भोक पाडून पितळी तारेची पिन घातली, कारण फेविक्विकचा सांधा ओढ सहन करतो पण ठोका बसला की कट्कन सुटतो. प्लास्टिकच्या किटचा सिमेंट रेझिनला लागतच नाही, तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि रेझिन त्यात विरघळत नाही.

पाडव्याला आप्पांनी तीच पत्रिका मागितली. दहा टायरी गाडी, मागच्या जोडचाकांखालीसुद्धा एकेक करून घालून बघितलं. कुठेही गेली नाही. ‘‘आता भरा,’’ म्हणाले.

मग त्यांची नजर फिफ्थ व्हीलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या ताटावर गेली. मी ते सगळं गंजकं रंगवलं होतं, जुनं दिसावं म्हणून. आप्पा म्हणाले, ‘‘इथं गंज चढंल कसा? ग्रीस असतंय की.’’ त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. सेमी ट्रेलरला पुढे चाकं नसतात, त्याचं बरंचसं ओझं घोड्याच्या या ताटावर टेकतं आणि ट्रेलरचा किंगपिन, म्हणजे बुडाचा खुंटा, या खाचेत येऊन जबड्यात अडकतो. ताटावर काळं ग्रीस, मधे ट्रेलरचं बूड घासून घासून जिथे पत्रा लख्ख होतो तिथे चमकती अर्धगोल पट्टी, आणि कडेला ग्रीसमध्ये माती बसून झालेली जाड काठ. नाव का पाचवं चाक, तर घोडागाडीच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी जे आडवं चाक असायचं, त्याच्यावरून. मी ताट पुन्हा केलं. किंगपिन 2 इंची असतो, 1/25 मध्ये जवळजवळ 2 मिलीमीटर, म्हणजे पितळी सळई आहे तशीच चालते, तासावी लागत नाही.

म्हणून म्हणतो, पुट्टी भोकं बुजवायला असते, वाकडेपणा बुजवायला नाही. ब्लो होलमध्ये फेविक्विकचा थेंब आणि वर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, जागीच दगड होतो, लगेच पॉलिशपेपर मारा, दुसऱ्या दिवशी घासायला फार कठीण जातं. पण त्याच पुट्टीने अ‍ॅक्सल सरळ केल्याचं नाटक करणं मला पटत नाही. केबिन कितीही सुंदर असो, चाक हवेत असेल तर ती केबिनची मूर्ती आहे, ट्रक नाही.

दादाचं एक बरोबर आहे, तेही लिहितो. पुष्कळ जण चॅसीवरच थकतात आणि डबा माळ्यावर जातो. तुम्हाला हुरूपच हवा असेल तर एखादं चाक, नाहीतर उभी धुराडी रंगवून बघा. केबिन नको. चॅसी बसल्यावर केबिन चार वेळा वर ठेवून, काढून, तासून बघावी लागते, रंगवलेली असली की हात कचरतो. माझाही कचरला होता, म्हणून तर पुट्टीवर भागवलं.

घरचे खेळणं म्हणतात त्याचं काय, असं तुम्ही विचारलंय. त्यांना पुढच्या चाकाखाली कागद घालून दाखवा. ज्याला कळायचं त्याला कळतं.

राहिलेल्या गोष्टी. रेझिन कोरडं घासू नका, भुकटी फुप्फुसाला वाईट, पाणी लावून घासा आणि मास्क लावाच. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. काचांजवळ फेविक्विक नको, त्याच्या वाफेने काच पांढरट होते. बेळगावसारखा पाऊस असेल तर आषाढ-श्रावणात लॅकर प्रायमर मारू नका, हवेतल्या दमटपणाने त्याच्यावर पांढूरकी साय येते. चाकं किंवा अ‍ॅक्सल दुसऱ्या किटचे घेणार असाल तर स्केल बघून घ्या. युरोपियन ट्रकची किटं बहुतेक 1/24 ची असतात, अमेरिकन 1/25. अडीच मीटर रुंदीच्या गाडीत 104 आणि 100 असा चार मिलीमीटरचा फरक पडतो, चाकं मडगार्डबाहेर येतात. मॉडेल कपाटावर पत्र्याखाली ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये पुन्हा बाक येईल. किती दिवस लागतील या प्रश्नाला माझ्याकडे एकच आकडा आहे, दसरा ते पाडवा.

आप्पा जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत दादा परत म्हणाला, एका कार्डाच्या जाडीसाठी तू पाच महिने घालवलेस. तो टवका मी अजून बुजवलेला नाही, कारण तो लाल मला जमणार नाही आणि दादा म्हणतो गाडी घेऊन ये, पण मी नेलेली नाही. सध्या मी आप्पांची पहिली गाडी, ती नाकवाली टाटा-मर्सिडीज, स्वतः पॅटर्न करून ओततोय. चॅसी सरफेस प्लेटवर आहे, अजून मागच्या उजव्या बाजूला पत्रिका जातेय. ती जायची थांबली की केबिन आणि ही लाल गाडी, दोन्ही घेऊन संकेश्वरला जाणार आहे.