आधी आठवडे मोजा, मग तिकीट काढा

बाळंतपणासाठी माहेरी येण्याजाण्याबद्दल या वेळी बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतून बरीच पत्रे आली. त्यांतली चार निवडून सविस्तर उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझी लेक बेंगळूरला असते. पहिलीच खेप. शेवटची पाळी १० जानेवारीला आली होती. गणपती सप्टेंबरात आहेत. अनंत चतुर्दशी झाली की, म्हणजे महिन्याच्या शेवटी, तिला विमानाने बेळगावला आणायचे ठरवले आहे. तोवर आठवा महिनाच चालू असेल ना? माझ्या सासूबाई म्हणतात, विमानात हवा विरळ, पोरीच्या पोटातल्या बाळाला त्रास होईल. रेल्वेने आणावे का?
(शहापूर, बेळगाव)

ताई, आधी तारीख बदला. गाडी कोणती हे मग बघू.

१० जानेवारीत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की १७ ऑक्टोबर येते. ही प्रसूतीची अंदाजे तारीख. त्याच हिशेबाने ३२ आठवडे २२ ऑगस्टला पूर्ण होतात आणि ३६ आठवडे १९ सप्टेंबरला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लेक ३७ आठवड्यांची गरोदर असेल. तेव्हा बहुतेक विमान कंपन्या तिला चढूच देणार नाहीत. सामान आत गेल्यावर काउंटरवर हे कळले तर ऐनवेळी पाचशे किलोमीटर मोटारीने यायची पाळी येईल.

घोटाळा 'आठवा महिना' या शब्दातच आहे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर आठवा महिना साधारण साडेतीस आठवड्यांना लागतो आणि पस्तिसाव्याच्या जवळ संपतो. विमान कंपनीची पहिली मर्यादा, ३२ आठवडे, त्याच्या मधोमध येते. कुणी पाळी चुकल्यापासून महिने मोजत असेल तर तिथेच आणखी चार आठवडे हरवतात. म्हणून घरात काहीही म्हणा, तिकिटासाठी आठवडेच मोजा. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने दिलेली तारीख पाळीच्या तारखेपेक्षा आठवड्याहून जास्त वेगळी असेल, तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात. तुम्हीही तीच धरा.

आपल्याकडच्या कंपन्यांचा ढोबळ नियम असा : एकच बाळ असेल तर ३२ आठवड्यांपर्यंत सहसा दाखला लागत नाही, त्यानंतर ३६ पर्यंत डॉक्टरांचा 'प्रवासास योग्य' असा दाखला लागतो, त्यापुढे चढूच देत नाहीत. जुळे असतील तर ३२ लाच दार बंद होते. कंपनीगणिक एखाद्या आठवड्याचा फरक पडतो, म्हणून तिकीट काढतानाच त्या कंपनीचा नियम वाचा. दाखल्यावर बाळ एक की जुळे, प्रवासाच्या दिवशी किती आठवडे, प्रसूतीची अंदाजे तारीख, गुंतागुंत नसल्याचा उल्लेख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. तो प्रवासाच्या अगदी आधीच्या काही दिवसांतला लागतो. महिनाभर आधी आणून ठेवलेला कागद कामाचा नाही.

आमचे मत विचाराल तर लेकीला गणपतीच्या आधीच आणा. ५ सप्टेंबरला ३४ आठवडे पूर्ण होतात. त्याच्या आतबाहेर आली तर इथल्या डॉक्टरांना तिला दोनतीनदा तपासायला वेळ मिळतो. ३८ व्या आठवड्यात नव्या दवाखान्यात नाव घालायचे म्हणजे सगळ्यांचीच धावपळ. शिवाय विसर्जनाच्या दिवसांत बेळगावातून गाडी काढणे किती अवघड असते हे तुम्हाला सांगायला नको.

आता सासूबाईंची शंका. ती उगीच नाही. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. बेळगाव स्वतः अडीच हजार फुटांवर आहे, उटी सव्वासात हजारांवर. म्हणजे तासभर उटीला जाऊन आल्यासारखे. आईच्या रक्तातला प्राणवायू थोडा उतरतो, पण बाळाच्या रक्तातले हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते. ते प्राणवायू आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट धरते. त्यामुळे निरोगी गरोदरपणात बाळाला याचा त्रास होत नाही. अडचण येते ती आईचे रक्त फार कमी असेल तर. लेकीचे हिमोग्लोबिन प्रवासाआधी पंधरा दिवस तपासून घ्या. ११ च्या खाली असेल तर गोळ्या नेमाने चालू आहेत का ते बघा. साडेसातच्या आसपास किंवा खाली असेल तर विमान नको, आधी उपचार.

रेल्वे की विमान? उड्डाण तास-सव्वातासाचे, पण बेंगळूरला घरापासून विमानतळ गाठायलाच दीडदोन तास लागतात. तिथे दोन तास आधी पोचायचे, मग सांबऱ्याच्या विमानतळाहून घरी. एकूण सहा तास धरा. राणी चन्नम्मा रेल्वे रात्रभर घेते, पण त्यात आडवे होता येते, उठून चालता येते, संडास जवळ असतो. पाठ दुखणाऱ्या आणि पाय सुजणाऱ्या बाईला तो प्रवास पुष्कळदा जास्त सोसतो. अट एकच, खालचा बर्थ. गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. तिकीट खिडकीवर डॉक्टरांचा दाखला दाखवून तो मागा. मधल्या किंवा वरच्या बर्थवर चढायची वेळ आली तर तो प्रवास करूच नका, सहप्रवाशाला जागा बदलून मागा. झोपताना डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. गाडी चालू असताना संडासला जाताना सोबत कुणीतरी हवे, कारण या दिवसांत पोटाच्या भाराने तोल पुढे गेलेला असतो आणि डबा हलत असतो.

पाचशे किलोमीटर मोटारीने आणणे हा तिन्हींत शेवटचा पर्याय.

प्रश्न : आमची सून ३३ आठवड्यांत दुबईहून येणार. गोव्याला उतरून चोरला घाटाने बेळगाव. मुलगा म्हणतो पायात घट्ट मोजे घालायला हवेत. खरंच लागतात का? पायाला सूज तर आताच आहे.
(वडगाव, बेळगाव)

मुलगा बरोबर सांगतो. गरोदरपणात रक्त लवकर गोठते. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गानेच केलेली ती तयारी असते. त्यात पोटाच्या भाराने पायांकडून वर येणाऱ्या शिरा दबतात आणि तासन्‌तास बसले की पोटरीतले रक्त साचते. म्हणून पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा चारपाच पटींनी जास्त असतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. असे क्वचित होते, पण टाळता येण्यासारखे आहे.

हिशेब करताना फक्त विमानाचे तीनसाडेतीन तास धरू नका. दुबईचे घर ते विमानतळ, रांगा, विमान, गोव्याची तपासणी आणि वर घाटातली मोटार मिळून दहा तासांच्या पुढे जाते, आणि त्यातले बहुतेक बसूनच.

मोजे औषधाच्या दुकानातले, घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे, गुडघ्याखालपर्यंतचे घ्या. दाब १५ ते २० मिलिमीटर (पाऱ्याचा, पाकिटावर mmHg असे लिहिलेले असते) पुरतो. माप सकाळी उठल्याउठल्या, सूज उतरलेली असताना घ्यायचे : घोट्याच्या वरचा घेर आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर. संध्याकाळच्या सुजेवर माप घेतले की मोजा सैल येतो आणि काहीच काम करत नाही. घरातून निघतानाच घाला, घरी पोचल्यावर काढा. वरची कड दुमडली तर ती दोरीसारखी आवळते आणि उलटाच परिणाम होतो, तेवढे सांभाळा.

मोजे घातले म्हणून बसून राहायचे नाही. जागा कडेची, मधल्या वाटेलगतची मागा. तासाला एकदा उठून वाटेतून फेरी मारायची. बसल्या जागी टाचा टेकवून पंजे वर, मग पंजे टेकवून टाचा वर, असे वीस वेळा, दर अर्ध्या तासाने. पाय एकावर एक टाकू नयेत. आतली हवा फार कोरडी असते म्हणून घोटघोट पाणी चालू ठेवावे. लघवीला जावे लागते म्हणून बायका पाणी टाळतात, आणि नेमके तेच अंगाशी येते. झोपेची गोळी नको. आणि रक्त पातळ व्हावे म्हणून कुणाच्या सांगण्यावरून ॲस्पिरिनही नको. आधी कधी गुठळी झाली असेल, किंवा वजन फार जास्त असेल, तर डॉक्टरांना आधीच विचारा. अशा बायकांना कधीकधी पोटावर टोचायचे इंजेक्शन देतात.

दोन्ही पायांना सारखी, संध्याकाळी वाढणारी आणि रात्रीतून उतरणारी सूज बहुधा नेहमीची. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर मात्र प्रवास थांबवून आधी तपासणी. तोंडावर आणि हातांवर सूज, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त, यांतले काही दिसले तर तिकीट रद्द करायचे. तिथे पैशाचा विचार करू नका.

चोरला घाट दिवसा उजेडी उतरा-चढा. वळणांनी मळमळ होते आणि घाटात बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही. निघण्याआधी तास-दीड तास हलके खावे, पुढच्या सीटवर बसून नजर लांब रस्त्यावर ठेवावी. उलटीची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यावी. ऐन पावसात पहाटे उतरणारे विमान असेल तर उजाडेपर्यंत गोव्यातच थांबा, घाई कसली?

प्रश्न : बायकोला आठवा महिना. तपासणीला निपाणीहून कोल्हापूरला न्यावे लागते. एसटीत धक्के बसतात म्हणून मी मोटारसायकलवर नेतो, हळू चालवतो. काही जण म्हणतात धक्क्यांनी दिवस आधी भरतात.
(निपाणी)

दादा, धक्क्यांनी कळा सुरू होत नाहीत. निरोगी गरोदरपणात खड्ड्यांतून गेल्याने पाठ आणि ओटीपोट दुखेल, एवढेच. भीती वेगळी आहे, पडण्याची आणि पोटाला मार लागण्याची. मार लागला तर बाळाला पोसणारी वार गर्भाशयापासून सुटू शकते आणि बाहेर रक्त न दिसताही आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मोटारसायकल आता बंद करा. साडी नेसून एका बाजूला बसलेली, पोट पुढे आलेली बाई अचानक ब्रेक लागला की कशाला धरणार? तुम्ही हळू चालवता, पण महामार्गावर मागचा ट्रक हळू नसतो.

चाळीस किलोमीटरला बस चांगली. जागा दोन चाकांच्या मध्ये, म्हणजे गाडीच्या मधल्या ओळींत घ्या. मागच्या चाकावरची आणि अगदी शेवटची ओळ सर्वांत जास्त आदळते. कर्नाटकच्या सरकारी गाड्यांत शक्ती योजनेमुळे बायकांना राज्यात प्रवास फुकट आहे म्हणून गाड्या भरून येतात. उभे राहून जायची वेळ आली तर ती गाडी सोडा, पुढची बघा. मोटारीने गेलात तर पट्टा लावायचाच. आडवा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर टेकलेला. तिरका पट्टा दोन स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा घेतला तर धक्का सरळ बाळाला बसतो, आणि पट्टाच लावला नाही तर त्याहून वाईट. पुढे बसली तर सीट मागे सरकवा, एअरबॅग आणि पोट यांत वीतभराहून जास्त अंतर हवे. लांब जायचे असेल तर दीड-दोन तासांनी थांबून दहा मिनिटे चालणे.

अपघात झाला, पडली, पोट आपटले, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दवाखाना. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा. तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागते.

प्रश्न : विमानतळावरच्या तपासणी यंत्राने बाळाला काही होते का? आणि प्रवासात काय खावे?
(खानापूर)

माणसांनी चालत जायच्या चौकटीत क्ष-किरण नसतात, धातू शोधणारे सौम्य चुंबकीय क्षेत्र असते. काही होत नाही. मन घेत नसेल तर महिला कर्मचाऱ्याकडून हाताने तपासणी मागता येते.

खाण्याचे सांगायचे तर वर गेल्यावर पोटातला वायू फुगतो. म्हणून आदल्या दिवसापासून वाटाणा, चवळी, सोड्याची पेये बंद. भाकरी किंवा चपाती, दहीभात, केळे, भाजलेले शेंगदाणे उत्तम. घरच्यांनी दिलेला कुंदा सामानात राहू दे, साखर वाढलेली असेल तर बोटभरही नको. इन्सुलिन चालू असेल तर ते हातातल्या पिशवीत, सामानात टाकलेले गोठून निकामी होऊ शकते.

त्याच पिशवीत कागदांची एक फाईल : कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारे तायी कार्ड किंवा महाराष्ट्रातले माता-बाल कार्ड, रक्तगट, शेवटची सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, चालू गोळ्यांची चिठ्ठी, दाखला. हद्दीच्या अलीकडे नाव नोंदवून पलीकडे बाळंत होणाऱ्यांना हे फार लागते, कारण नव्या दवाखान्याला तुमचा मागचा इतिहास फक्त या कागदांतूनच कळतो. सगळ्याचे फोनवर फोटोही काढून ठेवा.

वाटेत रक्त गेले, पाणी गेले, दर दहा मिनिटांनी कळ येऊ लागली, किंवा बाळाची हालचाल मंदावली आणि डाव्या कुशीवर दोन तास पडूनही दहा वेळा जाणवली नाही, तर घर गाठायचा हट्ट नको, जवळचा प्रसूतीची सोय असलेला दवाखाना गाठा. १०८ कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडे चालते. फक्त हद्दीजवळ फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरवर जाऊ शकतो, म्हणून उचलणाऱ्याला पहिल्या वाक्यात राज्य, तालुका आणि गाव सांगा, आणि मग आठवडे.