जुन्या कापडाला कात्री लावण्याआधी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातून निघालेले कपडे अजून अनेक घरांत गाठोड्यातच असावेत, असं या वेळच्या प्रश्नांवरून दिसतं. बहुतेक प्रश्न 'यापासून काय करू?' असे आहेत. त्याआधी एक तपासणी करा: कापड दोन्ही हातांत ताणून उजेडासमोर धरा. जिथे विरलंय तो भाग वजन आणि ताण पेलणार नाही, तो आतल्या थरात जाईल किंवा टाकून द्यावा लागेल. जिथे घट्ट आहे तिथूनच वस्तू काढायची.

प्रश्न: दोन जुन्या साड्यांची नातवासाठी गोधडी शिवली. पहिल्याच धुण्यात आतलं कापड गोळा झालं आणि कडा वेड्यावाकड्या झाल्या. काय चुकलं? (कोथरूड)

तुम्ही पाठवलेल्या फोटोत एक साडी सुती आणि दुसरी चकाकणारी दिसते. अर्धी गडबड तिथेच आहे. सुती कापड पाण्यात आटतं, पॉलिएस्टर आटत नाही, मग एक थर ओढला जातो आणि दुसरा फुगतो. शंका असेल तर काठाचा एक धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गाठ होते. गोधडीला सगळे थर सुतीच हवेत.

दुसरं, थर तात्पुरते जागेवर धरून ठेवणारे कच्चे टाके घातलेले दिसत नाहीत. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून जवळजवळ सगळेच ते टाळतात आणि सगळ्यांच्याच गोधड्या चुरगळतात.

आता पुन्हा करायची तर असं करा. साड्या गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, वाळवा, इस्त्री करा. साडेपाच मीटरच्या साडीचे तीन समान तुकडे केले की प्रत्येक तुकडा साधारण १८० सेंटिमीटर लांब आणि ११० रुंद मिळतो. लहान मुलाला हे माप पुरतं. धड साडीचे दोन तुकडे वर आणि खाली, विरलेल्या साडीचे तीन तुकडे आत, असे पाच थर. धड साडीचा तिसरा तुकडा मगजीसाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, आणि ठिगळांसाठी ठेवा. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींना पाच थर पुरेसे आहेत. सातव्या-आठव्या थराला सुई हाताने सहज पार होत नाही आणि टाका लांब पडायला लागतो.

थर फरशीवर अंथरा, मांडीवर नको. मध्यापासून कडांकडे तळहाताने सपाट करत जा आणि दर १० ते १२ सेंटिमीटरवर आडवे-उभे कच्चे टाके घाला. मग जाड सुती दोऱ्याने, गोधडीच्या लांब सुईने धावदोरा. टाका ६ ते ८ मिलिमीटरचा, दोन ओळींत दोन-अडीच सेंटिमीटर अंतर. तुमच्या ओळींत चांगलं वीतभर अंतर आहे, म्हणून आतले थर मोकळे सुटले. बाहेरून आत फेरे घेत शिवण्याची आपली जुनी पद्धत उत्तम, फक्त प्रत्येक फेऱ्यानंतर कापड पुन्हा सपाट करा, नाहीतर सगळा झोळ शेवटी मधोमध जमा होतो. दोरा हातभरच घ्या. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा घासला जाऊन पिंजतो आणि ऐन मधे तुटतो. कडेला ५ सेंटिमीटर रुंद पट्टीची मगजी लावा, मग कच्चे टाके काढा.

वाळत घालताना एकाच दोरीवर लटकवू नका. ओल्या गोधडीचं सगळं वजन त्या एका घडीवरच्या टाक्यांवर येतं. दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरा. आणि शिवायचं काम पावसाळ्यात काढलंच तर थर रचण्याआधी प्रत्येक तुकड्यावर इस्त्री फिरवा. आत अडकलेला दमटपणा नंतर वास मारतो.

प्रश्न: पायमशीनवर जीन्सची पिशवी शिवते आहे. जाड शिवणीपाशी सुई मोडते, आतापर्यंत तीन मोडल्या. (हडपसर)

घरातल्या मशीनला बहुधा १४ नंबरची सुई असते. डेनिमला १६, आणि कापड फारच जाड असेल तर १८ घाला. टाका साडेतीन ते चार मिलिमीटरचा ठेवा. पण सुया मोडण्याचं खरं कारण वेगळं आहे: जाड शिवण आली की फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा भाग, वर चढतं आणि मागच्या बाजूने तिरकं होतं. सुई सरळ खाली न जाता वाकून खालच्या लोखंडी पट्टीवर आपटते. तेव्हा शिवणीपाशी आल्यावर थांबा, डेनिमच्या तुकड्याची तेवढ्याच जाडीची घडी फुटाच्या मागच्या बाजूला सरकवा म्हणजे फूट आडवं राहील, आणि ते चार-पाच टाके पाय न लावता हाताने चाक फिरवून घ्या. त्याआधी शिवण फरशीवर ठेवून हातोडीने ठोकून चपटी केलीत तर काम आणखी सोपं. खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप तेवढी सांभाळा.

मुळात इतक्या जाड शिवणी मधे येऊच द्यायच्या नाहीत. जीन्सच्या पायाला आतल्या बाजूची शिवण बहुतेक वेळा दुमडून दोन टिपा मारलेली असते. ती उसवत बसू नका, दोन्ही बाजूंनी कापून फेकून द्या. बाहेरच्या बाजूची शिवण बहुधा साधी असते, ती राहू द्या. पाय उलगडला की ४० सेंटिमीटर रुंद आणि ८० लांब असा सलग तुकडा सहज निघतो. तो मधोमध दुमडला की पिशवी तयार, तळाला शिवणच नाही. फक्त दोन बाजू शिवायच्या, टिपेबाहेर दीड सेंटिमीटर कापड (माया) ठेवून. तळाचे कोपरे त्रिकोणात दाबून ८ सेंटिमीटर लांबीची आडवी टीप मारली की पिशवी टेबलावर उभी राहते. मांडीच्या आतल्या बाजूचं कापड घासून पातळ झालेलं असतं, ते पिशवीत येऊ देऊ नका.

बंदासाठी कमरेचा पट्टा आयताच मिळतो. पण लवचीक जीन्सचा पट्टा वजनाने लांबत जातो. भाजी मंडईतून चार किलो कांदे-बटाटे आणायचे असतील तर त्याच्या आतल्या बाजूला न ताणणारी सुती पट्टी शिवून घ्या. बंद जिथे लावाल तिथे ४ सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यात फुलीची टीप. नुसती एक आडवी टीप कधीच टिकत नाही.

प्रश्न: कापडी पिशवीवर फेव्हिकॉलने चिकटवलेली नक्षी धुतल्यावर निघाली.

निघणारच. लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल पाण्यात पुन्हा मऊ होतो. धुवायच्या वस्तूला कापडासाठीचा गोंद वापरा आणि पाकिटावर दिलेल्या वेळेइतका पूर्ण सुकू द्या, आणि तरीही कडेने एक फेरी काज-टाका घालाच. खरं तर टाका घालणारच असाल तर गोंद फक्त जागेवर धरून ठेवण्यापुरता पुरे.

प्रश्न: आजीची पैठणी घड्यांवर चिरली आहे. तिचं जॅकेट शिवावं की उशांचे अभ्रे? (सदाशिव पेठ)

दोन्ही नको. जॅकेटला काखेत आणि कोपरावर सतत ताण असतो, टेकायच्या उशीवर घर्षण. चिरू लागलेलं रेशीम या दोन्हींपुढे महिनाभरही टिकणार नाही.

वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेल्या साडीचं अंग त्या रेषांवर आधी जातं. काठ आणि पदर मात्र दाट विणीचे असतात आणि बरेचदा धड निघतात. तेव्हा अंग सोडा, काठ-पदर वाचवा. हातमागाची खरी पैठणी असेल तर पदरावरचे मोर, काठावरची नारळी नक्षी उलट बाजूनेही जवळपास तितकीच स्वच्छ दिसते. उलट बाजूला लोंबणारे, कापलेले धागे दिसले तर ती यंत्रावरची. हातमागाची आणि जुनी असेल तर कात्री लावण्याआधी जरीची पारख असणाऱ्या जाणकाराला दाखवा. चांदीची जर असेल तर निर्णय बदलू शकतो, आणि कापलेलं पुन्हा जोडता येत नाही.

कापायचंच ठरलं तर काठाच्या आत दोन सेंटिमीटर अंगाचं कापड ठेवून कापा, नाहीतर काठाचे धागे सुटत जातात. प्रत्येक तुकड्यामागे धुऊन आटवलेली पातळ मलमल लावा. इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंगचं अस्तर झटपट होतं, पण त्याचा गोंद रेशीम ताठ करतो आणि एकदा लावलं की सुखासुखी निघत नाही. मलमल रेशमी दोऱ्याने, बारीक सुईने, दर तीन सेंटिमीटरवर एक हलका टाका घालून जोडा. रेशमात सुईचं भोक कायम राहतं, म्हणून टाचण्या फक्त मायेतच लावा.

असे काठ नव्या सुती-रेशमी ओढणीला किंवा परकराला लावता येतात, दाराच्या तोरणाला उत्तम. पदराचा सर्वांत धड चौकोन चौकटीत बसवा. काच कापडाला टेकू देऊ नका, मधे पट्टी घाला, आणि उन्हाची भिंत टाळा.

धुऊ नका. काळवंडलेली जर लिंबाने किंवा टूथपेस्टने घासण्याचा सल्ला फार फिरतो. त्याने वरचा मुलामाच निघून जातो. इस्त्री उलट बाजूने, मंद, वर कोरडं सुती फडकं ठेवून, पाणी न शिंपडता. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

प्रश्न: टी-शर्टच्या वेणीचं पायपुसणं शिवताना ते वाटीसारखं वर वळतं. (बिबवेवाडी)

बाहेरच्या फेऱ्याला आतल्यापेक्षा जास्त लांबी लागते आणि तुम्ही वेणी ओढून शिवता. वळणांवर बाहेरची वेणी थोडी ढिली सोडा: आतल्या वेणीचा प्रत्येक फासा घ्या, बाहेरचा मधूनमधून एक सोडून द्या. सरळ भागात तसं करायची गरज नाही. टेबलावर सपाट ठेवून शिवा. मांडीवर शिवलेलं पुसणं मांडीचाच आकार घेतं. आताचं पुसणं वाचवायचं तर जिथून वळायला लागलं तिथपर्यंत उसवा. वाफेची इस्त्री तात्पुरतीच कामाला येते.

४० बाय ६० सेंटिमीटरला चार ते पाच मोठे टी-शर्ट लागतात. काखेखालचा भाग घेऊन ४ सेंटिमीटरच्या आडव्या पट्ट्या कापा आणि ओढा, म्हणजे त्या आपोआप गुंडाळल्या जातात. छापील चित्राचा भाग गुंडाळत नाही, तो वगळा. व्यायामाचे चकचकीत टी-शर्ट घेऊ नका, पाणी शोषत नाहीत. फरशीवर घसरू नये म्हणून खाली जाळीदार रबरी चटईचा तुकडा हवाच.

प्रश्न: तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात भाजी लावता येईल का?

येईल. मेथी, कोथिंबीर, पालक यांना डबा आडवा करून वरची बाजू कापा, मिरची-टोमॅटोला उभाच ठेवा. कापलेली कड पक्कडीने एक सेंटिमीटर आत दुमडा. हे विसरलं की पहिल्याच खुरपणीला बोट कापतं. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून तेलाचा ओशटपणा काढा. तळाला खिळ्याने पेन्सिलीच्या जाडीची आठ-दहा भोकं, आतून बाहेर पाडा. बाहेरून आत पाडली तर भोकाची कड आत उभी राहून पाणी अडवते. डबा दोन विटांवर ठेवा.

खरा त्रास एप्रिल-मेमध्ये. गच्चीवरच्या उन्हात पत्रा तापतो आणि कडेची मुळं भाजतात. आतून गोणपाटाचं अस्तर द्या, बाहेरून जुनी चादर गुंडाळा. रंगाचे किंवा औषधांचे डबे खाण्याच्या भाजीला वापरू नका, कितीही धुतले तरी.

प्रश्न: दोरा पेटवून काचेची बाटली कापायची आहे.

नको. आच सगळीकडे सारखी लागत नाही, तडा वाटेल तिथे पळतो आणि कड सुरीसारखी राहते. ती घासताना उडणारी काचेची धूळ श्वासात जाते. बाटली आहे तशीच ठेवून आत बॅटरीवरची दिव्यांची माळ सोडा.

प्रश्न: उरलेल्या चिंध्यांचं काय? उशीत भरल्या तर दगड होते. (पिंपरी)

मोठे तुकडे भरले की दगडच होतो. दोन सेंटिमीटरपर्यंत बारीक कातरा, शिवणी आणि बटणं काढा. तरीही झोपायच्या उशीला हे भरू नका. लोड, बसायचं छोटं आसन, दाराखालची फट बंद करायची लांब पिशवी यांना वजनच हवं असतं. ४० सेंटिमीटरच्या चौकोनी आसनात किलोभर सहज मावतं.

जे कपडे धड आहेत ते कापूच नका. बोहारीण येत असेल तर तिला द्या. मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असे कपडे घेणारे बसतात. बाकीचं सुक्या कचऱ्यात, पण कोरडं आणि वेगळ्या पिशवीत. ओल्या कचऱ्यात भिजलेलं कापड पुढे कोणाच्याच उपयोगाचं राहत नाही.