परसातला ढीग आणि न उबवणारी आई

प्रश्न : आमचा पुतण्या ब्रिस्बेनला असतोय, त्याच्या बागेत कोंबड्यापेक्षा मोठा, काळा, लाल डोक्याचा नि गळ्यात पिवळी झालर असलेला पक्षी रोज येऊन पाला पायानं मागं फेकतोय, कोपऱ्यात चांगला ढीग केलाय. अंडी त्यात पुरतात म्हणे. मग उबवतं कोण? आणि आपल्या भीमगडाकडं असलं काय आहे काय, सांगा की.
– एक वाचक, नंदगड

उत्तर : हा ऑस्ट्रेलियन ब्रश टर्की, मेगापोड कुळातला, म्हणजे अंडी अंगाखाली न घेता ढिगात नाहीतर जमिनीत पुरणाऱ्या पक्ष्यांतला. उबवत कोणीच नाही हो, पाला उबवतो! तुमच्याकडं शेणखताचा खड्डा उपसताना हाताला जी धग लागते ना, तीच ही, ओला पाला कुजायला लागला की आपोआप गरम होतो. ढीग मीटर-दीड मीटर उंच नि चारेक मीटर रुंद होतो, आणि सगळी मेहनत नराची. माद्या येतात, अंडं घालतात नि चालू लागतात, एका ढिगात अनेकींची अंडी असतात. नर मात्र चोच आत खुपसून ताप बघत बसतो, ३३ ते ३५ डिग्री राहायला पाहिजे, जास्त तापलं तर वरचा पाला काढ, गार पडलं तर आणखी टाक, असं महिनोन्महिने चालतं. आणि गंमत म्हणजे ढीग जास्त गरम असला तर माद्या जास्त निघतात, गार असला तर नर.

सातेक आठवड्यांनी पिल्लू स्वतःच उकरत वर येतं. बाप त्याला विचारतसुद्धा नाही, एवढा राबून! पण पिल्लू काही तासांतच उडतं. तरी बरीचशी मांजरांच्या नाहीतर घोरपडींच्या तोंडी जातात.

भीमगडाच्या जंगलात हा नाही. तिथले मोर, रानकोंबड्या जमिनीवरच अंडी घालतात पण माद्या स्वतः बसून उबवतात. ढीग करणारा भारतात एकच, निकोबारचा मेगापोड, तो किनाऱ्याजवळ ढीग करतो आणि २००४च्या त्सुनामीत त्याचे कितीतरी ढीग वाहून गेले.

पुतण्याला सांगा, तिथं या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे, मारायबिरायच्या भानगडीत पडू नको. ढीग मोडला तर तो परत करणार, लई चिवट आहे. ढिगावरची झाडाची फांदी छाटून ऊन पडू दे आणि वाफ्यातल्या पाल्यावर जड खडी पसर, मग बहुतेक शेजाऱ्याकडं जाईल.