केळीच्या रसासाठी पेक्टिनेज बसवायला केळीच्याच खांबाचे धागे चालतील का?

पेक्टिनेज हे पेक्टिन (फळातला रस घट्ट करणारा पदार्थ) तोडणारं एन्झाइम; ते घन आधारावर बसवलं की पुन्हा वापरता येतं. त्यासाठीचं तयार रेझिन परवडत नाही आणि जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे घड कापल्यावर खांब बांधावर फुकट पडलेले असतात, म्हणून हा विचार साहजिक आहे. पण पेक्टिनेजसाठी नको. धाग्यात पेक्टिन असतं, आणि बाजारातलं बुरशीपासूनचं पेक्टिनेज सहसा शुद्ध नसतं. सोबत सेल्युलेज, हेमिसेल्युलेज ही धाग्याचे बाकीचे घटक तोडणारी एन्झाइमं येतात. एन्झाइम ज्यावर बसवाल तेच ते कुरतडणार. दाणे काढलेली मक्याची कणसं आणि उसाचा चोथाही त्याच कारणाने बाद. साखर फोडणारं इन्व्हर्टेज असतं तर हेच धागे मी बेधडक सुचवले असते.

अल्जिनेटचे (समुद्री शेवाळापासूनचा, कॅल्शियमने घट्ट होणारा पदार्थ) मणी सोपे, पण इथे कुचकामी. पेक्टिनचा रेणू अवाढव्य, तो मण्याच्या आत शिरतच नाही. शिवाय रसातली आम्लं कॅल्शियम ओढून घेतात आणि मणी मऊ पडतात.

तुमच्या कामाला कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनचा पदार्थ) घ्या. 3 ग्रॅम कायटोसान 100 मिली 2 टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये रात्रभर ढवळा, मलमलीतून गाळा, बुडबुडे जाईपर्यंत ठेवा. सिरिंजने थेंब-थेंब 1 मोलर कॉस्टिक सोड्यामध्ये (100 मिलीत 4 ग्रॅम) सोडा. दोन तासांनी मणी काढून पीएच 7 येईपर्यंत धुवा. मग 1 टक्का ग्लुटराल्डिहाइडमध्ये (मणी आणि एन्झाइम जोडणारं रसायन) दोन तास. 25 टक्क्यांच्या बाटलीतलं 4 मिली घेऊन 100 मिली करा. हातमोजे आणि फ्यूम हूड हवेच. मणी पिवळसर झाले म्हणजे जोडणी झाली. ही पायरी टाळू नका: नुसतं कायटोसान साधारण पीएच 6 च्या खाली विरघळतं आणि केळीचा रस 5 च्या आसपास असतो. उरलेलं ग्लुटराल्डिहाइड नीट धुऊन काढा, नाहीतर ते द्रावणातल्या एन्झाइमलाच बांधून टाकेल.

एन्झाइम पीएच 5.5 च्या ॲसिटेट बफरमध्ये घालून मणी रात्रभर फ्रीजमध्ये हलते ठेवा. पुस्तकात पीएच 7-8 दिसेल, पण तिथे हे एन्झाइम टिकत नाही. ट्रिस बफर अजिबात नको; त्याचा अमिनो गट ग्लुटराल्डिहाइड खातो. शेवटी 0.5 मोलर मीठ घातलेल्या बफरने धुवा, म्हणजे नुसतं चिकटलेलं निघून जाईल. धुण्याचं सगळं पाणी राखून त्याचीही ॲक्टिव्हिटी (एन्झाइमची काम करण्याची क्षमता) मोजा. द्रावणातून जेवढं कमी झालं तेवढं सगळं मण्यावर जिवंत आहे, असं धरून चालणं ही प्रोजेक्टमधली नेहमीची चूक.

मोजणी 0.5 टक्के पेक्टिनच्या द्रावणावर डीएनएस पद्धतीने (रंगावरून सुटलेली रिड्यूसिंग साखर मोजणं), 540 नॅनोमीटरला करा. प्रत्यक्ष रसावर डीएनएस नको, कारण पिकलेल्या केळीतली साखरच रीडिंग बुडवून टाकते. तिथे ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटरने घट्टपणा मोजा, आणि बिनएन्झाइमच्या मण्यांचा कंट्रोल ठेवा. गर थेट ओतू नका, गाळलेलाच रस घ्या. नाहीतर मणी गराने लिंपतील आणि दुसऱ्या खेपेला ॲक्टिव्हिटी घसरल्याचा दोष उगाच एन्झाइमला जाईल. ग्लुटराल्डिहाइड वापरलंय, तेव्हा प्रयोगातला रस कुणाला प्यायला देऊ नका.

मणी वाळवू नका, आक्रसून छिद्रं बंद होतात. पीएच 5 च्या बफरमध्ये ओलेच, फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्यात जळगावची ‘रूम टेम्परेचर’ 40 च्या वर जाते, हे नोंदवहीत तापमान लिहिताना लक्षात असू द्या.